मधला पाऊण तास

आमच्या घरातल्या बायका बाळंतपणाच्या गोष्टी दुपारी सांगत. जेवणं उरकलेली, पुरुषमाणसं रानात, सोप्यात शेंगा फोडायला बसलेल्या आज्जी, चुलत्या, आत्या. कोण अडली, कोणाचं आडवं आलं, कोणाला रातोरात बैलगाडीत घालून ठेसनावर नेलं, हे सगळं बारीकसारीक तपशिलासह यायचं. गाडीला कुठले बैल जुंपले होते तेसुद्धा. मग गोष्ट दवाखान्याच्या दारापर्यंत पोचायची. "दार लावलं," आज्जी म्हणायची, आणि पुढचं वाक्य थेट "पोरगं रडलं," नाहीतर "पोरगं काय रडलं न्हाई."

दार लागल्यापासून उघडेपर्यंतचा पाऊण तास आमच्या गोष्टींत कधी आलाच नाही. जिच्यावर तो गुदरला ती गुंगीच्या औषधाखाली होती आणि बाकीच्या दाराबाहेर. न पाहिलेल्या त्या पाऊण तासात मग भीतीने घर केलं.

माझ्या भाचीचं सिझर पुढच्या महिन्यात ठरलंय. बाळ पायाकडून आहे. बाहेरून पोटावर हात ठेवून बाळ फिरवायचा एक उपाय असतो, पण तिच्या गर्भाशयात पाणी कमी असल्याने तो डॉक्टरांनी नको म्हटला. घरी हे कळल्यावर सगळ्यांनी आपापल्या परीने धीर दिला, जुन्या गोष्टी पुन्हा निघाल्या आणि रात्री तिचा फोन आला. "मावशी, आत नेमकं काय करतात गं? सगळ्या म्हणतात, काही नसतं. काही नसतं तर मग एवढ्या घाबरतात कशाला?"

तिला सांगायचं तर आधी पायाळूपासून सुरुवात करावी लागते. पायाकडून जन्मलेल्या माणसाला आमच्याकडे मान असे. कोणाला उसण भरली की पायाळूला बोलवायचं, त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, अशी समजूत. माझे एक चुलत आजोबा पायाळू. विहीर खणायच्या आधी त्यांना लोक रानातून फिरवून आणत, पाणी कुठं लागेल ते त्यांना कळतं म्हणून. मी लहानपणी ते मोठ्या कौतुकाने ऐकायची. एकदा आज्जी शेंगा फोडता फोडता म्हणाली, "जगला म्हणून त्यो पायाळू. जी जगली न्हाईत त्यास्नी कोण पायाळू म्हणतंय?" बाळाच्या अंगात सगळ्यात मोठं असतं ते डोकं. पायाकडून येताना ते शेवटी उरतं, अंग बाहेर आल्यावर अडकू शकतं, नाळ दाबली जाऊ शकते. आज्जी शाळेत गेली नव्हती, पण हे तिने पाहिलेलं होतं.

आमच्या घरातली सगळ्यात जुनी गोष्ट आज्जीच्या थोरल्या जावेची. साल आज्जीला सांगता यायचं नाही. गांधींना मारल्यावर जी जाळपोळ झाली, तिच्या आधी दोन वर्षं, एवढंच ती म्हणायची. म्हणजे १९४६ च्या आसपास. थोरल्या आज्जीचं पहिलंच बाळंतपण. कळा सुरू झाल्यावर सुईण आली, ती हुशार आणि मायाळू होती असं आज्जी नेहमी आवर्जून सांगे. घरातल्या डब्यांची झाकणं उघडली, अडकित्त्यापासून कडीकोयंड्यापर्यंत जे बंद होतं ते मोकळं केलं, बाईचे केस सोडले, लुगड्याच्या गाठी सोडल्या. एक रात्र गेली. दुसरी गेली. "सुईण म्हणायची, घटकाभर बघू. घटकाभर घटकाभर करत तिसरा दिस उजाडला. मग मामंजी म्हणाले, मिरजंला चला. मी बी संगं गेलो." (आमच्या कोल्हापूरकडच्या जुन्या बायका असंच बोलायच्या: मी गेलो, मी आलो.)

आमच्या हातकणंगल्याला एक सोय होती, ती म्हणजे रेल्वे. कोल्हापूर ते मिरज हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला आणि आमचं स्टेशन त्याच्यावर. पश्चिमेला कोल्हापूर, पूर्वेला मिरज, दोन्हीकडे दवाखाने. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशनचं हॉस्पिटल १८९४ साली उघडलं, जागा मिरजेच्या संस्थानिकांनी दिली होती. १८९७ मध्ये तिथे नर्सांचं शिक्षणही सुरू झालं. वानलेस १९२८ ला मिरज सोडून गेले आणि १९३३ ला वारले, पण आमच्याकडच्या लोकांच्या तोंडी पुढे कितीतरी वर्षं तो 'वानलेस सायबाचा दवाखाना'च राहिला. थोरल्या आज्जीला डब्यात दोन बाकांच्या मधे घोंगड्यावर निजवलं होतं. अंकलीजवळ कृष्णेच्या पुलावर गाडी हळू झाली तेव्हा ती म्हणाली, "आता काय न्हाई राहिलं." म्हणजे कळाच थांबल्या होत्या.

पोट उघडलं, ती वाचली, बाळ गेलेलं होतं. नंतर आयुष्यभर तिच्या बेंबीपासून खाली एक जाड उभा व्रण होता. आमच्या घरात या गोष्टीचा सांगितला जाणारा अर्थ एकच: पोट फाडलं आणि पोर गेलं. मला हे कधीच पटलेलं नाही, आणि वय वाढेल तसं कमी कमी पटत गेलं. पोर शस्त्राने गेलं नाही. ते त्या दोन रात्रींत गेलं. पण रात्री घरच्या होत्या, माणसं घरची होती, त्यांना दोष कोण देणार? शस्त्र परक्याचं होतं, त्याला दिला.

उशीर का झाला याचं एक कारण आज्जी हळू आवाजात सांगायची. दवाखान्यात पुरुष डॉक्टर हात लावणार, हे घरच्यांना नको होतं. हे ऐकलं की मला आनंदीबाई जोशी आठवतात. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्यांची नेमणूक झाली होती ती कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, बायकांच्या विभागावर. म्हणजे आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर. त्या मायदेशी परतल्या, पण आजारातून उठल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, कोल्हापूरच्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी त्याच हॉस्पिटलात बायकांवर उपचार केले. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, तेच ते हॉस्पिटल. आनंदीबाईंना अजून वीस वर्षं मिळाली असती तर या भागातल्या किती बायका वेळेत दाराशी गेल्या असत्या, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

शेजारच्या जैन आज्जी मात्र एक वेगळीच गोष्ट सांगत, कुंभोजच्या बाहुबलीला जाताना, डोंगराची वाट चढत चढत. चंद्रगुप्त राजाला चाणक्य जेवणातून थोडं थोडं विष देई, कोणी विषप्रयोग केला तर बाधू नये म्हणून. एक दिवस गरोदर राणी त्याच ताटात जेवली. राणी वाचणार नाही हे पाहून चाणक्याने तिचं पोट चिरून बाळ काढलं. विषाचा एक बिंदू बाळाच्या कपाळाला लागलेला होता, म्हणून तो बिंदुसार. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी लिहिलेल्या परिशिष्टपर्वात ही कथा आहे. सुश्रुतसंहितेतही सांगितलंय की आई अकस्मात गेली आणि पोटात हालचाल दिसली, तर वैद्याने लगेच बाळ काढावं. जुन्या गोष्टी असोत की जुने ग्रंथ, आई मेलेली किंवा मरायला टेकलेली असते. शेकडो वर्षं जगभर तसंच होतं. आई जगवायची म्हणून पोट उघडणं ही फार अलीकडची गोष्ट आहे.

त्याचं कारण ऐकलं तेव्हा मी थक्क झाले. एकोणिसाव्या शतकात बराच काळ सर्जन गर्भाशय उघडत, बाळ काढत आणि गर्भाशय तसंच, न शिवता आत सोडून देत. ते आपोआप आकसतं, टाके नंतर काढता येणार नाहीत, अशी त्यांची समजूत. बाई रक्तस्रावाने जाई, नाहीतर जंतुदोषाने. १८७६ मध्ये इटलीतल्या पाविया गावी एदुआर्दो पोरो यांनी बाळाबरोबर गर्भाशयच काढून टाकलं आणि बाई वाचवली. १८८१ ला जर्मनीत फर्डिनांड केरर यांनी गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद घेतला, आणि १८८२ ला माक्स झेंगर यांनी गर्भाशय नीट थरांत शिवायची पद्धत मांडली. पुढे ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालचा आडवा छेद चिकाटीने सगळ्यांच्या गळी उतरवला. खालचा भाग पातळ असतो, रक्त कमी जातं, व्रण पक्का भरतो. मग रक्तगट कळले, रक्त देता येऊ लागलं, १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं. थोरली आज्जी मिरजेला गेली तेव्हा यातलं काही पोचलेलं होतं, काही वाटेवर होतं. दोन दिवस अडलेल्या, अंगात ताप शिरलेल्या बाईचं पोट उघडणं हे तेव्हाच्या कुठल्याही डॉक्टरला मोठं धाडस होतं. त्यांनी ते केलं, हे आमच्या घरात कोणी कधी म्हटलं नाही. मी म्हणते.

माझ्या काकीचं सिझर झालं ते सत्तरच्या दशकात. तोंडावर मास्क ठेवला, आकडे म्हणायला सांगितले, पुढचं काही आठवत नाही. "डोळं उघडलं तवा दिवा लागलावता. घसा कोरडा. कुणीतरी म्हणालं, मुलगा झालाय. मला खरंच वाटंना." तिच्याही गोष्टीत मधला भाग नाही. मी टेबलावर गेले तेव्हा पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखालचा भागच बधिर केला. ती युक्ती जर्मनीच्या आउगुस्ट बीर यांनी १८९८ साली पहिल्यांदा केली. घरातल्या बायकांत मधला पाऊण तास जागेपणी पाहिलेली मी पहिली. म्हणून भाचीला मीच सांगायला हवं.

तर ऐक. आदल्या रात्री हलकं जेवायचं, मग सकाळपर्यंत अन्न नाही. पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतील. पोट रिकामं हवं, कारण भुलेखाली उलटी श्वासनलिकेत गेली तर ते फार वाईट. संमतीपत्रावर सही घेतील. ते वाच, समजलं नाही तर विचार, घाई करू देऊ नकोस. रक्तगट, हिमोग्लोबिन तपासलेलं असेल, रक्ताची सोय आहे ना ते घरच्यांनी विचारून ठेवायचं. हाताला सलाइन लावतील, पित्ताचं औषध देतील, चिरा घेण्याआधी तासाभराच्या आत अँटिबायोटिक देतील. लघवीची नळी बसवतील. ती कशाला, असं वाटेल. गर्भाशयाच्या अगदी पुढे मूत्राशय असतं, ते रिकामं नि बाजूला राहायला हवं म्हणून.

मग टेबलावर बसवून पाठ वाकवायला सांगतील, हनुवटी छातीला. नर्स समोरून खांदे धरते. सुई बारीक असते. मिनिटभरात पाय गरम होतात, जड होतात आणि मग आपले राहतच नाहीत. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली होती, कारण कोणी सांगितलं नव्हतं. रक्तदाब एकदम उतरू शकतो, मळमळतं, डोकं हलकं होतं. ते लगेच सांगायचं, औषध हाताशीच असतं. दात वाजेपर्यंत थंडी वाजते, तेही होतं, त्याने घाबरायचं नाही. छातीपाशी कापडाचा पडदा लावतात, टेबल थोडं डावीकडे कलवतात, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही. चिमटा काढून बघतात. दुखलं तर सांग. दुखेपर्यंत सोसायचं, हा आपल्या घरातला संस्कार तिथे कामाचा नाही.

छेद ओटीपोटात खाली, आडवा. कातडी, चरबी, मग स्नायूंवरचं जाड आवरण. पोटाचे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. नंतर आतला पातळ पडदा, मग गर्भाशय. दुखत नाही, पण ओढाताण कळते. बाळ काढायच्या वेळी वरून पोट दाबतात, तेव्हा छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. तो दाब थोडा वेळच. पहिल्या छेदापासून बाळ बाहेर यायला साधारण पाच ते दहा मिनिटं लागतात. बाकीचा अर्धा तास नि वर शिवायला. बाळ नि तू ठीक असाल तर नाळ कापायला मिनिटभर थांबतात, तेवढ्यात बाळाला आपलं रक्त मिळतं. गर्भाशय आकसावं म्हणून ऑक्सिटोसिन देतात. तुझ्या पायाशी खूप माणसं असतील, बोलत असतील, कधी घरगुती काहीतरीही. मला आधी त्याचा राग आला होता. मग कळलं, ती शांतपणे बोलतायत म्हणजे सगळं नीट चाललंय.

बाळ तुझ्या गालाशी आणतील. ते लगेच रडलं नाही तर बालरोगतज्ज्ञ तिथेच असतात. पहिल्या तासात छातीशी लावायला मिळालं पाहिजे, हे आधीच सांगून ठेव. सिझरच्या बाईला दूध येत नाही, हे खोटं आहे. पहिल्या दिवशी येतो तो घट्ट पिवळा चीक, थेंबभर असला तरी तोच हवा. वरचं काही, अगदी मध किंवा गुटीसुद्धा, चाटवायचं नाही.

पाय परत आपले व्हायला काही तास लागतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी उठवून चालवतील. टाके तुटतील असं वाटेल. तुटत नाहीत. न चाललेल्या बाईच्या पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्याहून मोठा. खोकताना पोटाला उशी धर. गॅस सरेपर्यंत पोट फुगतं, त्याचा त्रास टाक्यांहून जास्त होतो. वेदनेची गोळी वेळेवर घे, तिने दुधाला काही होत नाही हे डॉक्टर बघूनच देतात. पाठीतल्या इंजेक्शनने जन्मभर पाठ दुखते, हे तुला दहा जणी सांगतील. तसं आढळलेलं नाही. मान वर केली की डोकं फुटेल असं दुखू लागलं तर मात्र कळव, थोड्या जणींना ते होतं आणि त्यावर उपाय आहे.

घरी आल्यावर आज्जीच्या पद्धती समोर येतील. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खारीक, बाळंतशेपा, सगळं खा. पाचवीला सटवाईची पूजा होऊ दे. पण बाजेखालची शेगडी नको. ताज्या टाक्यांना शेक नको आणि त्या धुरात कोवळ्या फुप्फुसाचं बाळ तर अजिबात नको. पाणी प्यायलं की पोट सुटतं म्हणून बाळंतिणीला तहानलेलं ठेवायचे, तेही नको. ताप, जखमेतून पू किंवा घाण वास, तासाभरात पॅड भिजेल एवढं रक्त, एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा. घटकाभर बघू म्हणायचं नाही.

एक गोष्ट मला तिला सांगताना जड गेली. आता उलटंही होतंय. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात. देशात हा आकडा २१.५ टक्के. त्यातही सरकारी दवाखान्यांत १४.३ आणि खासगीत ४७.४. बायकांची हाडं खासगी दवाखान्याच्या पायरीवर तर बदलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटलंय की एकूण लोकसंख्येत सिझरचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यावर आई-बाळाचे मृत्यू त्यामुळे आणखी घटताना दिसत नाहीत. मुहूर्त साधायला पोट उघडणं, कळा नकोत म्हणून उघडणं, दवाखान्याच्या सोयीसाठी उघडणं, याचा मला मनापासून संताप येतो, कारण थोरल्या आज्जीला हेच शस्त्र दोन दिवस आधी मिळालं नाही. 'माझं सिझर का?' हे विचारण्यात उद्धटपणा नाही. भाचीच्या बाबतीत कारण खरं आहे, ते आम्ही विचारून घेतलं. आणि पैशाअभावी कोणी थांबू नये. जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, रक्त, सात दिवसांचं जेवण, जाण्यायेण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. आमच्यासाठी इचलकरंजीचं आयजीएम आणि कोल्हापूरचं सीपीआर जवळ आहेत.

काकीची गोष्ट अजून थोडी राहिली. दुसऱ्या वेळी दिवस भरले तेव्हा नव्या डॉक्टरांनी विचारलं, आतला छेद उभा होता की आडवा? कातडीवरचा व्रण बघून ते कळत नाही. बाहेर एक आणि आत दुसरा असू शकतो. काकीला ठाऊक नव्हतं, काकांना नव्हतं, कागद घरात कुठे नव्हता. आत खालचा आडवा छेद असेल तर पुढचं बाळंतपण नैसर्गिक होऊ शकतं. प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या सत्तरेक जणींचं होतंही, आणि व्रण उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक. वरचा उभा छेद असेल तर तो धोका कितीतरी पटींनी वाढतो, कळा येऊच द्यायच्या नसतात. माहिती नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी धोका पत्करला नाही, काकीचं पोट पुन्हा उघडलं. कदाचित गरज नसेल. हरवलेल्या त्या मधल्या भागाची किंमत तिने अशी मोजली.

म्हणून भाचीला सांगून ठेवलंय. घरी सोडताना जे कार्ड देतील त्यावर सिझरचं कारण, आतला छेद कसा, रक्त किती गेलं, काही अडचण आली का, एवढं लिहिलंय का ते बघायचं. नसेल तर तिथेच लिहून घ्यायचं. त्याचा फोटो तिच्या, नवऱ्याच्या नि माझ्या मोबाइलवर राहील, आणि कार्ड बाळाच्या लसीकरणाच्या पुस्तकातच.